बिलोरीचा गिटारवाला

रमजानच्या डोळ्यांत थेंब टाकून नर्सने त्याला डोळे मिटून बसायला सांगितलं होतं. शेजारी त्याचा मुलगा अरशद भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता एकदा वरून खाली, एकदा खालून वर वाचत होता. तेवढ्यात समोरच्या बाईच्या पिशवीत फोन वाजला. चार सूर चढत गेले, पाचवा पोचायच्या आधीच किंचित घसरला आणि मग जागेवर येऊन बसला. अरशदला आधी आनंदच झाला. आपलं गाणं! धुळ्यातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात, दीड वर्षानंतर, एका अनोळखी बाईच्या पिशवीत! अब्बाला सांगावं म्हणून त्याने कोपर हलवलंसुद्धा. बाईला फोन सापडेना. तिने पिशवीतून डबा काढला, फाईल काढली, टॉवेल काढला, आणि तोवर गाणं पुढे गेलं. गिटारच्या जागी पेटी होती, मागे कुठल्याशा यंत्रातली बासरी. मग आवाज लागला. तो आवाज अरशदने झोपेतही ओळखला असता. त्याच्या जुन्या बँडच्या गायकाचा, रोनकचा. पण शब्द त्यांच्या गाण्याचे नव्हते. एक भक्त सावळ्या देवाच्या दाराशी उभा होता आणि आत घे म्हणून विनवत होता.

बाईने फोन घेतला, बोलली, ठेवला. अरशद खुर्चीत पुढे सरकला. "ताई, हे गाणं कोणतं?"

"हाई? भजन शे ना भाऊ. जळगावना रोनकभाऊ म्हनस. आमनी गल्लीमा बठ्ठास्ना फोनमा हाईच शे."

"चाल कोणाची आहे?"

"चाल?" तिला प्रश्नच कळला नाही. थोडा विचार करून ती म्हणाली, "देवनीच व्हई."

रमजानने मिटल्या डोळ्यांनी मान वळवली. "अरशद, तेराच है ना ये?"

"नाही अब्बा," अरशद म्हणाला. आपण असं का म्हणालो ते त्याला कळलं नाही.

जळगावला परतताना एसटीत रमजान काळा चष्मा लावून खिडकीशी बसला.  अरशद मनात ती चाल पुन्हा पुन्हा लावून पाहत होता, जणू आपल्याला भास झाला असावा, एखादा सूर वेगळा असावा, कुठेतरी रोनकने वळण बदललेलं असावं. बदललेलं नव्हतं. ती पाचव्या सुराची घसरण जशीच्या तशी होती, आणि त्या घसरणीत दुसऱ्या कुणाचा काही संबंध असण्याची शक्यताच नव्हती. ती अरशदच्या हाडातून आली होती. काही वर्षांपूर्वी बोदवडला त्यांच्या बँडच्या गणपतीतल्या कार्यक्रमानंतर मांडवामागे चौघांनी रोनकला धरलं होतं. बायल्या म्हणाले, गाताना घालायच्या चमकत्या कोटाची बाही फाडली, एकाने त्याच्या डोळ्यातलं काजळ अंगठ्याने गालभर फासलं. काठी उगारली गेली तेव्हा अरशदचा डावा हात मध्ये आला. त्याने आणला असं म्हणणं खरं नव्हतं, तो आपोआप आला. करंगळी मोडली ती वाकडीच जुळली. चार महिने गिटार नाही. त्या चार महिन्यांत रोनक रोज दुपारी रमजानच्या गाद्यांच्या दुकानात येऊन बसायचा. सरकी काढलेल्या कापसाच्या ढिगावर, घामाघूम, केसांत पिंजायच्या धुनकीचा कापूस अडकलेला, तोंडाने काहीतरी गुणगुणत. पहिल्यांदा गिटार हातात घेतली तेव्हा करंगळी सुरापर्यंत पोचेचना, अलीकडेच टेकायची आणि मग घसरत जागेवर जायची. अरशदने चिडून गिटार बाजूला ठेवली. रोनक उठून बसला. "थांब, अर्श्या. पुन्हा चूक. तशीच चूक." त्या चुकीतून ‘आरसा’ झालं. मना आरसा खोटं बोलस, म्हणजे माझा आरसा खोटं बोलतो. अहिराणीत गायचं हे रोनकचंच डोकं होतं. त्याच्या वडिलांच्या, सोहनलाल शेठच्या, घरात मारवाडी बोलायचे, दुकानात मराठी, पण गिऱ्हाईक बायकांची अहिराणी त्याने लहानपणापासून कानात साठवली होती.

एरंडोलच्या आधी रमजानला झोप लागली, त्याचं डोकं अरशदच्या खांद्यावर आलं. खांद्यावर वजन आलं की अरशदला अजून रोनक आठवत असे, यात लाजण्यासारखं काही आहे असं त्याला कधी वाटलं नव्हतं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला ते भेटले. एक साडीवाल्याचा एकुलता मुलगा, एक पिंजाऱ्याचा. अरशदकडे भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या एका निवृत्त गार्डकडून घेतलेली जुनी गिटार होती. रोनककडे काही नव्हतं, फक्त आवाज आणि एक वेड. सायबर कॅफेत बसून त्याने जुने परदेशी गायक पाहिले होते, चेहरा रंगवलेले, उंच टाचांचे बूट घातलेले, झगमगीत कपड्यांतले पुरुष. "आमच्या घरात पुरुष चमक विकतात," तो म्हणायचा, "घालत नाहीत. मी घालणार." लाडकुंवरबाईंच्या, त्याच्या आईच्या, डबीतलं काजळ. गालाच्या हाडावर रुपेरी भुकटी. साड्यांच्या काठांचे उरलेले तुकडे त्याने अरशदच्या बहिणीकडे, कनीजकडे आणून दिले आणि तिने दोन महिने खपून त्यांचा टिकल्यांचा कोट शिवला. बँडचं नाव बिलोरी. अमळनेरच्या कॉलेजात पहिला कार्यक्रम झाला तेव्हा तो कोट पाहूनच अर्धं सभागृह हसत सुटलं. रोनक शब्द विसरला. तो माइकसमोर नुसता उभा, गुडघे थरथरताहेत, हे अरशदला त्या उंच बुटांवरून दिसत होतं. अरशदने ठरलेलं नसताना वाजवायला सुरुवात केली, लांबवत नेलं, आणि रोनक हळूहळू माइक सोडून त्याच्याकडे आला, हनुवटी त्याच्या खांद्यावर ठेवून डोळे मिटून उभा राहिला. सभागृह गप्प झालं. मग पंधरा वर्षं, रावेरच्या केळीवाल्यांच्या लग्नांत, चोपड्याच्या, बोदवडच्या, धुळ्याच्या मांडवांत, प्रत्येक कार्यक्रमात ती जागा आली की तो यायचा. लोक त्यासाठीच थांबायचे. लग्न झाल्यावर निलोफर अरशदच्या शर्टावरची रुपेरी भुकटी ब्रशने घासून काढायची आणि म्हणायची, "माझ्या सवतीने पुन्हा कपडे खराब केले."

आणि शेवट? शेवट रोनकने किती साधा केला होता. सोहनलाल शेठना अर्धांगवायू झाला. रोनकचं विधी नावाच्या मुलीशी लग्न झालं. साड्यांच्या गोदामात, जिथे ते सराव करत, तिथे त्याने तो कोट घडी घालून अरशदच्या हातात दिला. "तू ठेव. मी गाणं सोडलं. आता दुकान." तो रडला नाही. अरशद रडला. घरी येऊन त्याने गिटार रजयांच्या थप्पीवर, माळ्यावर टाकली. नाशिकच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याचं बोलावणं आलं तेव्हा त्याने सांगून टाकलं, रोनकशिवाय नाही. सगळ्यांनी मूर्खात काढलं. त्याला मात्र त्यात एक समाधान होतं. दोघांनी मिळून एक गोष्ट संपवली होती, ती एकट्याने उकरून काढायची नाही. माणूस मेल्यावर सुतक पाळावं तसं दीड वर्ष त्याने ते पाळलं, गल्लीत लग्नाचा बँड वाजला तर दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं. आता एसटीत, बापाचं डोकं खांद्यावर घेऊन, तो हिशोब लावत होता की ते भजन केव्हा बसवलं असेल. आपण शटर ओढत होतो तेव्हा? की त्याआधीच, कोट घडी घालताना त्याच्या डोक्यात ते सुरू झालं होतं?

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तो रोनकच्या दुकानात गेला. रोनक पांढऱ्या गादीवर पांढऱ्या सदऱ्यात बसला होता, कपाळावर चंदन, चेहरा इतका स्वच्छ की अनोळखी वाटावा. पंधरा वर्षांत त्याने हा चेहरा दिवसा किती वेळा पाहिला असेल, तरी आज त्याला तो कुणीतरी पुसून ठेवल्यासारखा दिसला.

"या, या, अरशदभाई."

अरशदभाई. अर्श्या नाही. अरशद गादीच्या कडेला बसला. काय बोलायचं ते रात्रभर ठरवलं होतं, ते सगळं विसरून त्याने नुसतं म्हटलं, "धुळ्यात भजन ऐकलं."

रोनकने समोरची साडी घडी करायला घेतली. "मी सांगणारच होतो."

"केव्हा?"

"बघ, गाणं सोडलं होतं मी. खरंच सोडलं होतं. पप्पांच्या आजारपणात धुळ्याच्या भजनी मंडळात जाऊन बसायला लागलो. एक दिवस म्हणाले, काही म्हण. तोंडातून तीच चाल आली. मी काय करणार?"

"माझं नाव सांगायचं होतंस."

रोनकने आवाज खाली आणला. "तुझं नाव सांगितलं असतं तर त्यांनी ते भजन लावलं असतं? विचार कर ना. दिवस कसे आहेत? मला तुझं नाव नको होतं असं नाही. त्यांना चाललं नसतं. तुझ्यासाठीच गप्प बसलो मी. तुला कुणी काही बोललं असतं तर? चाल तरी जगली ना आपली."

 अरशदकडे राग होता, पण त्या रागाला या उत्तरापुढे उभं राहायला जागा मिळेना. दिवस तसे होते. हे त्यालाही माहीत होतं. गेल्या वर्षी याच बाजारात एका गिऱ्हाइकाने त्याचं नाव विचारून रजईची ऑर्डर परत घेतली होती. रोनक म्हणतो ते खरं असेल तर दोष रोनकचा नाही, आणि दोष रोनकचा नसेल तर मग छातीत हे जे टोचतंय ते कुणाच्या नावावर टाकायचं?

तो आणखी काही बोलणार तोच दारात गाडी थांबली. सत्तरीचे एक गृहस्थ चपला काढून आत आले. रोनक ताडकन उठला. "या रुपचंदजी, या." धुळ्याच्या मंडळाचे अध्यक्ष, हे त्याच्या लगबगीवरूनच कळत होतं. म्हाताऱ्याने अरशदकडे पाहून ओळखीच्या अपेक्षेने हात जोडले. रोनकची नजर क्षणभर अरशदवर आली. ती नजर अरशदला पाठ होती. रोनक शब्द विसरला की अशीच यायची.

"हे आपले गादीवाले," रोनक म्हणाला. "दुकानातल्या गाद्या यांच्याच."

आणि अरशद म्हणाला, "हो. कापूस घट्ट बसला होता, बघायला आलो होतो."

एवढ्या सहज म्हणाला की रुपचंदजींना आनंद झाला. धुळ्यात मंडळाचं नवं सभागृह झालं होतं, तिथे बैठक घालायची होती, चांगला माणूस मिळत नव्हता. परवा येऊन माप घेता का? अरशद म्हणाला, घेतो. अब्बाचा डोळा दाखवायला परवा यायचंच आहे. रोनकने सगळ्यांना चहा मागवला. कप हातात देताना त्याची बोटं अरशदच्या बोटांना लागली, त्याने ती किंचित दाबली. आभार मानतात तशी. अरशदला तो स्पर्श कोपरापर्यंत जाणवला आणि चहा न पिताच तो उठला.

घरी निलोफरने विचारलं, "बोललात का?"

"बोललो."

"काय म्हणाला?"

"ऑर्डर दिली."

ती स्वयंपाकघरात निघून गेली. दोन दिवस अरशद दुकानात काम करत राहिला. त्याला रोनकच्या बोलण्यापेक्षा स्वतःचं वाक्य जास्त त्रास देत होतं. कापूस घट्ट बसला होता. कुणी शिकवलं होतं त्याला ते? रोनकला सांभाळण्यासाठी आपलं अंग न सांगता पुढे होतं, आणि रोनकला हे माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच त्याने गादीवाल्याचं ते वाक्य फेकलं. तरीही अरशद रोनकच्या बाजूने विचार करत राहिला. त्या लोकांना चाललं नसतं. तो घाबरला. घाबरलेल्या माणसाला काय दोषी धरायचं? असं म्हटलं की एखाद तास बरं वाटे.

ठरल्या दिवशी त्याने रमजानला दवाखान्यात कनीजच्या सोबतीला बसवलं, तिचं सासर धुळ्यातच होतं, आणि तो रुपचंदजींकडे गेला. खाली धान्याची पेढी, वर अरुंद जिन्याने सभागृह. खिडक्या मोठ्या होत्या, फरशीवर ऊन पडलं होतं. एका कोपऱ्यात पेटी, ढोलकी, झांजा फडक्याखाली झाकलेल्या. रुपचंदजी खुर्ची घेऊन बसले आणि अरशद गुडघ्यांवर बसून टेपने माप घ्यायला लागला.

"तुम्ही जळगावचे," म्हातारा म्हणाला. "रोनकचा तो बँड पाहिला होता का कधी?"

"पाहिला होता."

"माझी नात वेडी होती त्यांची. भिंतीवर फोटो लावला होता. रोनकने भजन पहिल्यांदा म्हटलं ना, तीच म्हणाली, आजोबा, ही तर आरशाची चाल. मला लपवालपवी आवडत नाही. मी सरळ विचारलं रोनकला. तो म्हणाला, हो, चाल माझ्या गिटारवाल्याची. अरशद त्याचं नाव."

टेप अरशदच्या हातातून सुटून सरसर गुंडाळली गेली. सांगितलं होतं. रोनकने त्याचं नाव सांगितलं होतं, याच खोलीत. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला तो भिंतीकडे वळून पुन्हा टेप लावू लागला. मग दुकानात तो खोटं का बोलला? "आणि तुम्हाला चाललं?" त्याने भिंतीकडे पाहतच विचारलं.

"न चालायला काय झालं? आमच्या गावी, राजस्थानात, माझ्या वडिलांच्या भजनाला सारंगी कोण वाजवायचं? मुसलमानच. पिढ्यान्‌पिढ्या. मी म्हटलं, रोनक, मग नाव घाल त्याचं, मंडळ मोठं होईल. दोन-तीन जण कुरकुरले, त्यांना मी गप्प केलं. पण रोनकच म्हणाला, नको. त्याच्या घरच्यांना आवडणार नाही, भजनावर त्याचं नाव. आधीच दुःखात आहेत ते लोक."

"कसलं दुःख?"

"वारला ना तो." रुपचंदजींनी सुस्कारा टाकला. "तरणाताठा. हृदयाचं काहीतरी होतं म्हणे. आम्ही सगळे इथे दोन मिनिटं उभे राहिलो त्याच्यासाठी. रोनक तर फार रडला. धरून बसवावं लागलं त्याला."

अरशद गुडघ्यांवर तसाच राहिला. खाली पेढीवर कुणीतरी पोतं आपटलं. त्याच्या मनात सगळ्यांत आधी आलं ते हे की रोनक खरंच रडला असेल. ते सोंग नसेल. तो रडताना कसा दिसतो ते अरशदला माहीत होतं, खालचा ओठ आत घेतो, उजव्या हाताने मान धरतो. या उन्हात, या फरशीवर, तो अरशदसाठी रडला असेल आणि त्या वेळी अरशद जळगावात, दीड तासावर, अर्ध्या शटरमागे बसून त्याच्यासाठी सुतक पाळत होता. नाव चाललं नसतं, हे खोटं होतं. दिवस वाईट आहेत, हे खरं होतं, आणि त्या खऱ्याच्या आड उभं राहून रोनकने दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांची भीती घातली होती. इथे सांगितलं, त्याच्या घरच्यांना चालणार नाही. तिथे सांगितलं, यांना चालणार नाही. कुणालाच काही विचारलं नव्हतं. त्याला फक्त एकट्याने उभं राहायचं होतं. एवढंच. पंधरा वर्षं खांद्यावर हनुवटी ठेवून उभ्या राहिलेल्या माणसाला एकदा त्या खांद्याशिवाय लोकांसमोर उभं राहायचं होतं. त्याने सरळ सांगितलं असतं तर अरशद बाजूला झाला असता. चालसुद्धा दिली असती. हे लक्षात येऊन त्याला इतका थकवा आला की भिंतीला हात टेकून उठावं लागलं.

"शेठजी," तो म्हणाला, "माझं नाव अरशद आहे."

"असतात सारखी नावं," रुपचंदजी समजुतीने म्हणाले.

"बिलोरीत गिटार मी वाजवायचो. पंधरा वर्षं."

म्हाताऱ्याने चष्मा काढला, सदऱ्याने पुसला, पुन्हा लावला. बराच वेळ तो अरशदच्या तोंडाकडे पाहत होता, नातीच्या भिंतीवरचा फोटो आठवत असावा.  "मग परवा दुकानात... गादीवाले म्हणून..."

"गादीवालाही मीच आहे. अब्बांचं दुकान आहे आमचं."

"बसा तुम्ही," रुपचंदजी उठले. "बसा. सरावाला येतोच आहे तो आता. माझ्यासमोर विचारतो त्याला. सगळ्यांसमोर विचारतो. असं कसं? माणूस जिवंत असताना..."

अरशदला क्षणभर ते दिसलं. रोनक या सभागृहाच्या मध्यभागी उभा, समोर म्हातारा, झांजवाले, पेटीवाला, आणि सगळ्यांच्या नजरा. त्याचे गुडघे कसे थरथरतील ते दिसलं. ते पाहायची इच्छा त्याला खरोखर झाली, तोंडाला पाणी सुटावं तशी. आणि त्याच वेळी हेही कळलं की आपण इथे राहिलो तर तो आपल्याकडे बघेल, तसाच, आणि आपण पुन्हा काहीतरी बोलून जाऊ.

"तुम्ही विचारा," तो म्हणाला. "मला थांबायचं नाही. अब्बा वाट बघताहेत." त्याने मापाचा कागद खुर्चीवर ठेवला. "गाद्या दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. मापं बरोबर आहेत."

जिना अरुंद होता. अर्ध्यावर असताना खालून पावलं वर आली, आणि चंदनाचा वास. रोनक मान खाली घालून चढत होता, तोंडात कुठलीशी ओळ घोळवत. वर पाहिलं तेव्हा तो दोन पायऱ्या खाली होता. आधी त्याला काहीच कळलं नाही. मग वरून रुपचंदजींचा आवाज आला, "रोनक, आधी वर ये तू," आणि त्या आवाजात जे होतं ते त्याच्या चेहऱ्यावर उतरलं. तो भिंतीला चिकटला. जायला जागा देण्यासाठी की पडू नये म्हणून, कोण जाणे. अरशद त्याच्या इतक्या जवळून खाली उतरला की दोघांचे खांदे घासले.

"अर्श्या," रोनक म्हणाला. दीड वर्षाने तोच आवाज, तीच हाक, आणि खालचा ओठ आत गेलेला. "अर्श्या, ऐक ना."

"तो वारला," अरशद म्हणाला.

तो थांबला नाही. मागे पावलं वाजतात का म्हणून मात्र त्याचे कान शेवटच्या पायरीपर्यंत उघडे राहिले. वाजली ती वर जाणारी वाजली, एकेक, सावकाश. खाली पेढीवर हमाल पोती मोजत होते, रस्त्यावर भर दुपारचं ऊन होतं. दवाखान्यात रमजान थेंब टाकलेले डोळे मिटून, कनीजचा हात धरून बाकावर बसला होता. पायांचा आवाज ऐकून त्याने विचारलं, "कोण?"

"मी, अब्बा," अरशद म्हणाला, आणि त्याच्या शेजारी बसला.